मालट्रकाचा गिअर का पडत नाही? : दोषनिदानाच्या क्रमाचा विचार

अमरावतीहून बडनेरामार्गे यवतमाळकडे जाणारा रस्ता नांदगाव खंडेश्वरावरून पुढे नेरकडे जातो. कापसाच्या हंगामात या रस्त्याने कापूस, रुईच्या गाठी, सोयाबीन आणि तूर यांनी लादलेले मालट्रक सतत जात-येत असतात. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. अशा रीतीने या भागातील एकाच ट्रकाला दोन अगदी भिन्न प्रकारचे रस्ते तुडवावे लागतात. महामार्गावर तो तासन्‌तास वरच्या गिअरात धावतो आणि गिअर बदलण्याचा प्रसंग क्वचितच येतो. शेताकडून निघणाऱ्या काळ्या मातीच्या वाटेवर मात दर शंभर पावलांवर दांडा हलवावा लागतो. पहिल्या रस्त्यावर झाकून राहिलेला दोष दुसऱ्या रस्त्यावर उघडा पडतो, तो या कारणाने.

अशा वेळी गॅरेजात जे संभाषण होते, त्याचा एक नमुना कल्पनेने समोर ठेवू. चालक म्हणतो, "मिस्तरी, गेअर पडत नाई." मिस्त्री अवजाराला हात लावत नाही, तो विचारतो, "गाडी बंद केल्यावर पडते काय, भाऊ?" चालक सांगतो, "बंद असली त सारे पडते." त्यावर मिस्त्री म्हणतो, "मंग अजून बॉक्स खोलाचा नाई."

या चार वाक्यांत दोषनिदानाची एक संपूर्ण पद्धती सामावलेली आहे. दोष जेथे जाणवतो तेथेच तो असेल असे नाही, हे तिचे गृहीतकृत्य होय. आणि ज्या परीक्षेला खर्च कमी व जिच्या उत्तराने संभाव्य कारणांची मोठी संख्या बाद होते ती परीक्षा आधी करावी, हा तिचा नियम होय. मिस्त्रीचा हा एक प्रश्न एवढा प्रभावी का ठरतो, त्यामागे कोणते यंत्रशास्त्र आहे आणि हा क्रम मोडला असता काय बिघडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. गिअर बदलताना काय घडते

डीझेल एंजिन ठरावीक वेगमर्यादेतच उपयुक्त काम देते. अवजड वाहनात ही मर्यादा स्थूलमानाने मिनिटास एक हजार ते अडीच हजार फेऱ्यांच्या आत असते. गाडी मात्र शून्य वेगापासून महामार्गाच्या वेगापर्यंत चालवावी लागते. ही तफावत भरून काढण्यासाठी एंजिन आणि चाके यांच्यामध्ये निरनिराळ्या गुणोत्तरांची दंतचक्रे योजलेली असतात.

एंजिनाची शक्ती फ्लायव्हीलवरून क्लचप्लेटकडे, तेथून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टकडे आणि पुढे काउंटर शाफ्टमार्गे मेन शाफ्टकडे जाते. मेन शाफ्ट मागील प्रॉपेलर शाफ्टला, म्हणजे अंतिमतः चाकांना जोडलेला असतो. मोटारीच्या आरंभकाळात, १८९१ च्या सुमारास पानार-लेव्हासोर या फ्रेंच कारखान्याच्या गाड्यांत, गिअर बदलणे म्हणजे दंतचक्रच सरकवून दुसऱ्या फिरत्या दंतचक्रात घुसविणे असे. पुढे 'कॉन्स्टंट मेश' पद्धती आली. तीत पुढे जाण्याची सर्व दंतचक्रे एकमेकांत कायमची गुंतलेली असतात. मेन शाफ्टवरील दंतचक्रे त्या शाफ्टवर मोकळी फिरतात, आणि ज्या गिअराची निवड करावयाची त्याचे दंतचक्र एका सरकत्या कड्याने शाफ्टशी जखडले जाते. या कड्यास स्लीव्ह म्हणतात. चालकाचा हात दांड्याला जे करतो, ते सळ्या किंवा केबल, शिफ्टर रॉड आणि फोर्क यांच्या द्वारे या स्लीव्हपर्यंत पोचते.

स्लीव्ह आणि दंतचक्र यांचे वेग समान नसतील, तर त्यांचे दात एकमेकांवर घासून करकर आवाज होतो. जुन्या गाड्यांत हे वेग जुळविण्याचे काम चालकाकडेच असे. टाटा कंपनीने डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये जमशेदपूर येथे ट्रकांचे उत्पादन सुरू केले. त्यानंतर कित्येक वर्षे भारतीय चालकाची कसोटी 'डबल क्लच' मारण्यावर लागत असे : क्लच दाबून न्यूट्रल करावे, क्लच सोडावा, खालचा गिअर घ्यावयाचा असल्यास एंजिनाला किंचित वेग द्यावा आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकावा. हेच काम यंत्राकडे सोपविणारी सिंक्रोमेश रचना कॅडिलॅक गाडीत १९२८ मध्ये प्रथम आली. तीत पितळेसारख्या मिश्रधातूची शंक्वाकार कडी दंतचक्राच्या शंकूवर घासते, दोन्हींचे वेग समान करते, आणि ते समान होईपर्यंत स्लीव्हला पुढे जाऊ देत नाही. आजच्या बहुतेक मालट्रकांत ही किंवा हिची सुधारलेली रचना असते.

२. एक छोटे गणित

समजा, एका गाडीच्या तिसऱ्या गिअराचे गुणोत्तर २.४ आणि चौथ्याचे १.५ आहे. तिसऱ्यात एंजिन मिनिटास २००० फेऱ्या घेत असताना मेन शाफ्टच्या सुमारे ८३३ फेऱ्या होतील. गाडीचा वेग तोच राहून चौथा गिअर पडावयाचा, तर इनपुट शाफ्टचा वेग ८३३ गुणिले १.५, म्हणजे १२५० वर आला पाहिजे. सिंक्रोनायझरच्या कडीला ७५० फेऱ्यांचा फरक मोडून काढावयाचा आहे. हा फरक सेकंदास सुमारे ७८.५ रेडियन होतो.

क्लच पूर्ण सुटला असेल, तर कडीला केवळ क्लचप्लेट, इनपुट शाफ्ट, काउंटर शाफ्ट आणि त्यांच्याशी गुंतलेली चक्रे एवढ्यांचाच वेग कमी करावा लागतो. त्यांचे एकत्रित जडत्व-आघूर्ण सोयीसाठी ०.१ किलोग्रॅम-चौरस मीटर धरू. हे काम अर्ध्या सेकंदात व्हावयाचे, तर कडीने सुमारे १५.७ न्यूटन-मीटर टॉर्क दिला पाहिजे. आता क्लच पूर्ण सुटत नसून तो इनपुट शाफ्टला केवळ १० न्यूटन-मीटर इतक्याच टॉर्कने एंजिनाबरोबर ओढत आहे, असे माना. कडीच्या १५.७ पैकी १० या ओढीला तोंड देण्यात खर्ची पडतात; वेग कमी करण्यास ५.७ उरतात. परिणामी अर्ध्या सेकंदाचे काम होण्यास जवळजवळ १.४ सेकंद लागतात. ओढ १५.७ च्या पुढे गेली, तर चालकाने दांड्यावरील जोर वाढविल्यावाचून वेग जुळणारच नाहीत.

भरलेल्या मालट्रकाला जागचे हलविण्यासाठी जो टॉर्क लागतो, त्याच्या मानाने हे १० किंवा १५ न्यूटन-मीटर नगण्य आहेत. म्हणून क्लच दाबला असता गाडी पुढे सरकत नाही, एवढ्यावरून "क्लच ठीक आहे" असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय. गाडीला हलवू न शकणारी ओढ गिअरला अडवू शकते. गिअरबॉक्स निष्कारण खोलले जाण्याची जी प्रकरणे घडतात, त्यांपैकी अनेकांचे मूळ या एका गैरसमजात असते.

आता मिस्त्रीच्या प्रश्नाचे मर्म ध्यानी येईल. एंजिन बंद असता इनपुट शाफ्ट स्थिर असतो. जुळविण्यास वेगांचा फरकच उरत नाही. त्या स्थितीत सर्व गिअर पडत असतील, तर दांडा, सळ्या, शिफ्टर रॉड, फोर्क आणि स्लीव्ह यांचा मार्ग मोकळा आहे. संशय क्लच, तेल किंवा सिंक्रोनायझर यांच्याकडे वळतो. एंजिन बंद असतानाही गिअर पडत नसतील, तर अडथळा त्या मार्गातच आहे. एका क्षणाच्या, बिनखर्चाच्या परीक्षेने कारणांचे क्षेत्र असे दुभंगते. मात्र दात दातासमोर आल्यामुळेही स्थिर गाडीत एखादा गिअर अडू शकतो. तेव्हा गाडी किंचित पुढे-मागे ढकलून पुन्हा पाहावे.

३. लक्षणांची वर्गवारी

चालकाच्या "गेअर पडत नाई" या वाक्यात वस्तुतः निदान चार वेगळी लक्षणे दडलेली असू शकतात : दांडा कठीण जातो, गिअर करकरतो, गिअर मुळीच पडत नाही, किंवा पडलेला गिअर निसटतो. यांतील कोणते, हे आधी निश्चित करावे. त्यानंतर पुढील प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, किती गिअरांना हा त्रास आहे? सर्व गिअर त्रास देत असतील, तर कारण सर्वांना समाईक अशा भागात, म्हणजे क्लच, तेल किंवा बाहेरील सळ्या यांत शोधावे. तिसरा आणि चौथा अशी जोडीच त्रास देत असेल, तर त्या जोडीचा फोर्क व रॉड पाहावा, कारण साधारणतः एक फोर्क दोन गिअरांना हलवितो. एकच गिअर करकरत असेल, तर त्या गिअराची कडी किंवा त्याचे दात झिजलेले असण्याचा संभव अधिक. ज्या मोठ्या गाड्यांत वरचे आणि खालचे असे गिअरांचे दोन गट हवेच्या दाबाने बदलतात, त्यांत एक संपूर्ण गट मिळेनासा झाला, तर हवेची नळी, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांची तपासणी आधी करावी.

दुसरा प्रश्न, त्रास केव्हा होतो? पहाटे पहिल्या काही किलोमीटरपर्यंतच दांडा जड जात असेल, तर तेल प्रमाणाहून दाट असण्याची शक्यता आहे. गाडी तापल्यावर त्रास सुरू होत असेल, तर क्लचप्लेट वाकली आहे काय, क्लचच्या द्रवात हवा किंवा पाणी शिरले आहे काय, हे पाहावे. हा द्रव हवेतील आर्द्रता शोषून घेतो आणि तापल्यावर त्यात बाष्पाचे बुडबुडे होऊ शकतात. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच पेडल जड लागते आणि हवेच्या टाकीतील दाब वाढल्यावर ते हलके होते, अशी तक्रार असेल, तर हवा कोठून गळते ते आधी शोधावे. कारण अनेक अवजड गाड्यांत क्लच दाबण्यास हवेवर चालणारा बूस्टर साहाय्य करतो.

तिसरा प्रश्न, यापूर्वी काय घडले? पावसाळाभर उभी राहिलेली गाडी कापूस निघू लागल्यावर बाहेर काढली आणि गिअर पडेनासा झाला, असे चालक सांगेल. ही माहिती बहुमोल आहे. ओलीमुळे इनपुट शाफ्टच्या खाचांवर गंज धरून क्लचप्लेट तेथे सरकेनाशी होते, किंवा ती फ्लायव्हीलला चिकटून बसते. पेडल पूर्ण दाबले तरी ती सुटत नाही. याउलट मागच्याच आठवड्यात तेल बदलले असेल, तर कोणते तेल घातले ते विचारावे. मागील एक्सलच्या दंतचक्रांसाठी बनविलेले तेल सिंक्रोनायझरला मानवतेच असे नाही. त्यातील निसरडेपणा वाढविणाऱ्या द्रव्यांमुळे कडीला पुरेसे घर्षण मिळत नाही, आणि काही द्रव्ये उष्णतेत पितळी धातूस अपायकारक ठरतात.

४. परीक्षांचा क्रम

वरील प्रश्नांनंतर हाताने करावयाच्या परीक्षा येतात. चाकांना अडण लावून आणि हँडब्रेक ओढूनच त्या कराव्यात.

प्रथम क्लचच्या द्रवाची पातळी पाहावी आणि पेडल लागोपाठ तीन-चार वेळा दाबून गिअर टाकून पाहावा. एकदा दाबून न पडणारा गिअर असे केल्यावर पडला, तर द्रवाच्या नळीत हवा असणे किंवा मास्टर सिलिंडरची आतील रबरी वाटी झिजणे ही कारणे अग्रस्थानी येतात. या परीक्षेस अवजारही लागत नाही.

नंतर क्लच सुटण्याची परीक्षा करावी. एंजिन मंद गतीवर ठेवून, न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबावा, मनात दहापर्यंत आकडे मोजावेत आणि मग रिव्हर्स टाकावा. बऱ्याच गिअरबॉक्सांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो. म्हणून तो क्लचचा खरा साक्षीदार होय. क्लच पूर्ण सुटत असेल, तर एवढ्या अवधीत इनपुट शाफ्ट तेलाच्या विरोधाने आपोआप थांबतो आणि रिव्हर्स शांतपणे पडतो. तरीही करकर झाली, तर काहीतरी त्या शाफ्टला फिरवीत आहे.

येथे एक सावधगिरी हवी. ते 'काहीतरी' क्लचच असेल असे नाही. फ्लायव्हीलच्या मध्यभागी एक लहान बेअरिंग असते आणि इनपुट शाफ्टचे टोक त्यात टेकलेले असते. ते जखडले, तर क्लच पूर्ण सुटूनही एंजिन शाफ्टला फिरवीतच राहते. लक्षण तेच, कारण निराळे. पेडलचा प्रवास, द्रव, बूस्टर आणि क्लचच्या बाह्य रचनेची जुळणी ही सर्व ठीक आढळली, म्हणजेच गिअरबॉक्स उतरविण्याचा निर्णय समर्थनीय ठरतो. आणि तो उतरविल्यावर या बेअरिंगची तपासणी न करता क्लचप्लेट बदलून मोकळे होणे हा प्रमाद होय.

आवाजही पुरावा देतो. न्यूट्रलमध्ये पेडल दाबताच सुरू होणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा असतो. पेडल सोडले असता येणारा आणि दाबताच थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या आतील, विशेषतः इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे बोट दाखवितो.

अखेरीस तेल काढून पाहावे. तेलात पिवळसर चमक दिसली, तर सिंक्रोनायझरची कडी झिजत आहे. बुचाच्या लोहचुंबकावर पोलादी कीस अल्प प्रमाणात जमणे स्वाभाविक आहे. परंतु तुकडे सापडले, तर दात किंवा बेअरिंग तुटले आहे. पितळ चुंबकास चिकटत नाही. म्हणून चुंबक स्वच्छ आहे एवढ्यावर समाधान न मानता तेल पांढऱ्या फडक्यावर घेऊन उजेडात पाहावे.

५. निसटणारा गिअर

न पडणारा गिअर गाडी अडवितो. निसटणारा गिअर ती सोडून देतो. म्हणून या दुसऱ्या दोषाचा विचार वेगळा करावा लागतो. त्याची कारणे स्लीव्हच्या दातांची झीज, रॉडला जागेवर धरणारी गोळी व स्प्रिंग यांचे शैथिल्य, फोर्कची झीज, शाफ्टची लांबीच्या दिशेने होणारी हालचाल, अथवा एंजिन व गिअरबॉक्स यांच्या रबरी बैठका सैल होणे ही असतात. कधीकधी बाहेरील सळ्यांची जुळणी चुकल्याने स्लीव्ह अर्धवटच गुंतते, आणि केवळ जुळणीने दोष जातो.

परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या किंवा धारणीच्या बाजूने मेळघाटात शिरणाऱ्या ट्रकाचा विचार करा. उतारावर खालचा गिअर एंजिनाच्या विरोधाने गाडीला आवरून धरतो. वरच्याच गणितातील गाडी तिसऱ्या गिअरात एंजिनाच्या २००० फेऱ्यांवर उतरत असताना गिअर निसटला आणि क्षणभरात तिचा वेग दीडपट झाला, तर तिसरा गिअर पुन्हा घेण्यासाठी इनपुट शाफ्टला ३००० फेऱ्या द्याव्या लागतील. एंजिनाची मर्यादा अडीच हजारांची असेल, तर डबल क्लचच्या कौशल्यानेही तो गिअर मिळणार नाही. सर्व भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ब्रेकची पकड कमी होत जाते. डीझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतार उतरणारा चालक हीच परिस्थिती आपण होऊन ओढवून घेतो. तात्पर्य, निसटणाऱ्या गिअराची गाडी दुरुस्तीपूर्वी भार घेऊन घाटात नेऊ नये, यास अपवाद नसावा.

६. दुरुस्ती हाही प्रयोगच

निदानाच्या चुकीची किंमत कोण देतो? बहुधा एकाच ट्रकावर संसार चालविणारा आणि त्याच्या कर्जाचा हप्ता भरणारा मालक-चालक. गिअरबॉक्स उतरविणे म्हणजे मजुरी, सुट्या भागांचा खर्च आणि हंगामातील बुडालेल्या खेपा. कापूस जिनिंगच्या फाटकाशी पोचविण्याचे दिवस मोजके असतात. ते परत मिळत नाहीत.

या व्यावहारिक हानीबरोबर एक बौद्धिक हानीही होते. समजा, गिअर पडत नाही म्हणून क्लचप्लेट, प्रेशरप्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकदम बदलली आणि जोडणी करताना क्लचच्या नळीतील हवाही काढली. गाडी ठीक झाली. सर्वांनी म्हटले, क्लचप्लेट गेली होती. वास्तविक दोष केवळ नळीतील हवेचा असू शकेल. चार बदल एकाच वेळी केल्यामुळे कोणत्या बदलाने दोष गेला हे कळण्याचा मार्गच बंद झाला. आणि हवा शिरण्याची फट तशीच राहिली असेल, तर महिनाभरात दोष परतेल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, हा प्रयोगशाळेतील नियम गॅरेजातही तितकाच बंधनकारक आहे. गिअरबॉक्स उतरविल्यावर सर्व झिजलेले भाग एकदमच बदलणे किफायतीचे असते, हे खरे. परंतु म्हणूनच बाहेरून होण्याजोग्या सर्व परीक्षा उतरविण्यापूर्वी संपविल्या पाहिजेत.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची प्रदूषण-मानके लागू झाल्यानंतर ट्रकांतील संवेदक व संगणकीय नियंत्रण वाढले आहे. स्वयंचलित रीतीने गिअर बदलणाऱ्या गाड्यांत क्लचचे पेडलही नसते. तेथे निदानयंत्र एक दोषांक दाखविते. दोषांक म्हणजे कारण, असे मानण्याचा मोह होतो. परंतु 'अपेक्षित वेळेत गिअर गुंतला नाही' असा अंक म्हणजे चालकाच्या तक्रारीचेच अंकरूप होय. तो हवेचा दाब कमी असल्याने, वायर तुटल्याने किंवा फोर्क झिजल्यानेही येऊ शकतो. साक्षीदार बदलला, उलटतपासणी टळली नाही.

समारोप

रोगाच्या निदानात जे स्थान रोग्याच्या निवेदनाला, तेच ट्रकाच्या निदानात चालकाच्या निवेदनाला आहे. 'गिअर खातो', 'गिअर निसटतो', 'दांडा जड जातो', 'पेडल खाली बसते' ही त्याची वाक्ये काटेकोर निरीक्षणे असतात. ऐकणाऱ्याने त्यांतील भेद ओळखला पाहिजे. यंत्रशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने परिभाषेचा अभ्यास करावाच, पण नांदगावच्या रस्त्यावरील एखाद्या गॅरेजात काही दिवस बसून ही बोलीतील लक्षणे आणि त्यांमागे अखेर सापडलेली कारणे यांची समोरासमोर नोंद करावी. असे टिपण काही वर्षे सातत्याने झाले, तर कोणत्या लक्षणामागे कोणते कारण किती वेळा निघते याचा स्थानिक आधार उपलब्ध होईल, आणि आज अनुभवी मिस्त्रीच्या मनातच असलेला परीक्षांचा क्रम तपासून पाहता येईल. गाडी बंद करून गिअर टाकून पाहण्याचा सल्ला त्या क्रमात पहिल्या स्थानी राहील, असे वरील विवेचनावरून वाटते.